धिरड्याचा हात असणाऱ्यांसाठी पॅनकेक

ज्या घरात धिरडी होतात त्या घरात पॅनकेक पहिल्या फटक्यात जमायला हवेत असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पहिले पॅनकेक बहुधा बाहेरून काळपट नि आतून पिठूळ होतात, नाहीतर इतके चिवट की लेकरं दोन घास खाऊन ताट सरकवतात. मग दोष रेसिपीवर जातो. खरं कारण हाताच्या सवयीत असतं. पीठ घोटून घोटून एकजीव करायचं, तवा कडक तापवायचा, पळीच्या बुडाने भराभर पसरवायचं, वर झाकण टाकायचं, शेवटी उलथण्याने दाबून खरपूस करायचं. धिरड्याला हे सगळं लागतं. पॅनकेकला यातलं काहीच नको असतं.

आमच्या परभणीकडे आता किराणा दुकानातही पॅनकेकचं तयार पीठ मिळतं. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं की कळतं, आत मुख्यतः मैदा, साखर, मीठ आणि फुगवणारी पावडर असते. काहींत दुधाची भुकटी. हे सगळं घरात असतंच, त्यामुळे पाकिटाच्या नादी लागू नका.

पॅनकेकचे प्रकार बरेच आहेत. इंग्लंडातला पातळ असतो. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी घरातली अंडी, दूध, लोणी संपवण्यासाठी तो करायची तिकडे जुनी रीत आहे, आणि वर लिंबू पिळून साखर भुरभुरतात. फ्रान्समधला क्रेप त्याहून पातळ. हे दोन्ही आपल्या धिरड्याच्या जवळचे, ते तुम्हाला शिकवायची गरज नाही. मुलं मोबाईलवर बघून मागतात तो अमेरिकी, जाड नि मऊ, एकावर एक रचलेला. खालची कृती त्याचीच आहे आणि मुद्दाम बिनअंड्याची आहे. अंडं घालायचं असेल त्यांच्यासाठी वेगळं सांगितलं आहे.

## १. सामान काढून ठेवा

चार-पाच माणसांसाठी, तळव्याएवढे साधारण १२ पॅनकेक होतात.

- मैदा १२५ ग्रॅम
- गव्हाचं पीठ १२५ ग्रॅम (चाळून)
- साखर २ मोठे चमचे
- बेकिंग पावडर २ लहान चमचे, सपाट
- खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, सपाट
- मीठ अर्धा लहान चमचा
- ताजं दही २५० मिली
- दूध २५० मिली, शिवाय थोडं हाताशी
- पातळ केलेलं साजूक तूप किंवा लोणी ३ मोठे चमचे
- तव्याला लावायला थोडं तेल किंवा तूप

भांड्यांत एक मोठं पातेलं, एक लहान, पळी, लाकडी डाव, सपाट तवा आणि पातळ धारेचं उलथणं (तुमच्याकडे सराटा म्हणत असतील तर तोच). मिक्सर लागत नाही, तो काढूच नका. उन्हाळ्यात नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गावांत दोन पातेल्यांत आटोपणारा नाश्ता ही काही लहान गोष्ट नाही.

नुसत्या गव्हाच्या पिठाचे केले तर चालतात, पण ते जड होतात आणि दूध अर्धा-पाव वाटी जास्त पितात. गिरणीवर दळलेलं पीठ मैद्यापेक्षा बरंच पाणी ओढतं. पहिल्या वेळी निम्मं-निम्मं घ्या, हात बसला की मैदा कमी करत जा.

## २. मापाचा घोळ आधी मिटवा

परदेशी रेसिपीत ‘एक कप’ लिहिलेला असतो तो सुमारे २४० मिलीचा. आपला चहाचा कप त्याच्यापेक्षा बराच लहान. मैदा एका कपाने, दूध दुसऱ्याने आणि सोडा पोह्याच्या चमच्याने शीग भरून, असं झालं की पुढचं सगळं देवाच्या भरवशावर.

सोपा उपाय सांगते. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी दोन सारख्या ग्लासांत निम्मी-निम्मी ओता. ग्लासात जिथवर दूध आलं ती २५० मिलीची खूण. त्या ग्लासाला नखपॉलिशने बारीक रेघ मारून टाका, तुमचं माप तयार. या मापाने मैदा सैलसर भरला, दाबला नाही, तर १२५ ग्रॅमच्या आसपास बसतो. म्हणजे पिठं मिळून दोन मापं, दही एक माप, दूध एक माप.

लहान चमचा म्हणजे ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या टोपणावर ५ मिलीची खूण असते, ते धुऊन वापरता येतं.

## ३. सोडा आणि पावडर यांत गल्लत नको

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

खाण्याच्या सोड्याला आंबट लागतं. दही, ताक, लिंबू, काहीतरी. आंबटाशी गाठ पडली की लगेच वायू सुटायला लागतो आणि त्या बुडबुड्यांनी पीठ हलकं होतं. आंबट कमी आणि सोडा जास्त झाला तर उरलेला सोडा तसाच राहतो. पॅनकेकला साबणासारखी चव येते आणि मधूनच पिवळे-तपकिरी डाग दिसतात. ‘जरा जास्त फुगू दे’ म्हणून सोडा वाढवणाऱ्यांना हा प्रसाद हमखास मिळतो.

बेकिंग पावडरमध्ये सोडा असतोच, वर कोरडं आम्ल आणि स्टार्चही मिसळलेलं असतं. ती ओली झाली की एकदा फुगते आणि तव्यावर उष्णता लागली की पुन्हा. म्हणून पातेल्यातला शेवटचा पॅनकेकही बऱ्यापैकी फुगतो. या कृतीत दोन्ही आहेत. दह्याचा आंबटपणा सोडा खातो, आणि तव्यावरची उचल पावडर देते.

इनोने होईल का, असं बऱ्याच जणी विचारतात. होईल, पण इनो ओलं होताच सगळा जोर एका दमात संपवतं. ढोकळ्याला ते चालतं, कारण पीठ लगेच वाफेला जातं. इथे तुम्ही तीन-तीन करत अर्धा तास तव्यापाशी उभ्या असता. पहिले तीन छान होतील, शेवटचे तीन पापड.

पावडर जिवंत आहे का ते आधी बघा. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका, फसफसून फेस वर यायला हवा. नुसती बुडाशी जाऊन बसली तर टाकून द्या. सोड्यावर लिंबाचे थेंब टाकून तसंच बघता येतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली बेकिंग पावडर हवेतल्या ओलीने डब्यातच संपून जाते, मग तुम्ही कितीही घाला.

आणि एक सावधगिरी. सुटा सोडा घेऊ नका. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा दिसायला सारखेच पांढरे असतात, पण धुण्याचा पोटात जाता कामा नये. पापडखारही वेगळी वस्तू. वर नाव छापलेलं बंद पाकीट घ्या आणि घरी डब्यात ओतलं तर डब्यावर नाव लिहा.

## ४. पीठ कालवा, घोटू नका

मोठ्या पातेल्यात कोरडं सगळं एकत्र करा: मैदा, पीठ, साखर, मीठ, पावडर, सोडा. हे मात्र नीट हलवा, किंवा एकदा चाळणीतून काढा. सोड्याची गुठळी राहिली तर ती नेमकी कुणाच्या तरी तोंडात जाते, आणि आमच्याकडे ते तोंड नेहमी पाहुण्यांचं असतं.

लहान पातेल्यात दही घुसळून त्यात दूध घाला, मग पातळ तूप. दही-दूध फ्रीजमधून काढून थेट वापरू नका. थंडगार दुधात पातळ तूप पडलं की क्षणात त्याचे दाणे होतात, पांढरे कण वर तरंगायला लागतात आणि ते पुढे पिठात मिसळत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत तर बाहेरचं दूधही थोडं कोमट करून घ्यावं लागतं. कोमट म्हणजे बोट सहज बुडेल इतकंच.

आता कोरड्यात मधोमध खड्डा करा, ओलं एकदम ओता आणि लाकडी डावाने तळापासून वर उचलत कालवा. पंधरा-वीस वेळा डाव फिरला की बास. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. गुठळ्या दिसतील, हरभऱ्याएवढ्या सुद्धा. राहू द्या.

इथेच हात ऐकत नाही. बेसनाचं धिरडं असो वा तांदळाचं, त्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून कितीही घोटलं तरी बिघडत नाही. उलट एकजीव होतं. गहू आणि मैदा पाण्यात घोटला की त्यातलं ग्लुटेन ताणत जातं. पोळीची कणीक मळून मळून लवचीक होते ती त्यामुळेच. पोळीला ते हवं असतं. पॅनकेकमध्ये तेच झालं की रबर. माझ्या सासूबाई पातेल्यात डोकावून म्हणाल्या होत्या, “अगं, गुठळ्या तशाच ठेवल्यास की!” त्यांना दहा मिनिटं धरा म्हटलं. तेवढ्यात पिठाने पाणी ओढलं, गुठळ्या नरम पडल्या आणि राहिलेल्या तव्यावर जिरल्या.

तर दहा मिनिटं झाकून ठेवा. झाकण काढल्यावर वर बारीक बुडबुडे दिसतील. पीठ पळीतून सलग धारेने न पडता जाडसर पट्टीने पडायला हवं, आणि पातेल्यात पडलेली पट्टी दोन-तीन सेकंद वर दिसून मग मिसळायला हवी. फार घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध कडेने घालून एकदाच हलवा. यानंतर पातेल्यात डाव घालायचा नाही. पळीने कडेकडेचं उचलत जायचं, नाहीतर आतली हवा निघून जाते.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे दही सकाळी लावलं तर दुपारपर्यंत आंबून जातं. असं दही असेल तर निम्मं दही नि जास्त दूध घ्या. आंबट ढेकर देणारा पॅनकेक काकवीनेही सुधारत नाही.

## ५. तवा

सामान उत्तम आणि पीठ बरोबर असूनही पॅनकेक बिघडतात ते तव्यावर.

पोळीचा खोलगट तवा नको. त्यावर पीठ मधे साचतं, मधला भाग जाड राहून कच्चा आणि कडा करपलेल्या. डोशाचा सपाट तवा घ्या, नाहीतर सपाट बुडाचं पॅन. बिडाचा तवा सगळ्यात चांगला, कारण एकदा तापला की पीठ पडल्याने थंड होत नाही. फक्त तो तापायला वेळ घेतो. नॉनस्टिक सोपा, पण तो रिकामा मोठ्या आचेवर ठेवायचा नसतो.

ज्या तव्यावर रोज कांद्याची थालीपीठं नि लसणाचे धपाटे होतात, त्याला वास धरलेला असतो. गोड पॅनकेकला तो लागतो. दुसरा तवा नसेल तर आधी मीठ टाकून फडक्याने घासून पुसा. आणि धिरड्याला तेल लावायला आपण अर्धा चिरलेला कांदा काट्याला टोचून फिरवतो, तो इथे अजिबात नको. त्याजागी अर्धा बटाटा घ्या, किंवा सुती फडक्याची घडी.

तवा मध्यम आचेवर तापवा, बिडाचा असेल तर पाच-सहा मिनिटं. मग पाण्याचे दोन थेंब टाका.

- थेंब जागेवर बसून हळूहळू आटला: अजून थांबा.
- चर्र करून लगेच विरला: बरोबर.
- गोल गोळी होऊन तव्यावर पळायला लागला: जास्त तापला, आच कमी करून दोन मिनिटं द्या.

पीठ टाकायच्या वेळी आच मंदाच्या जरा वर हवी आणि बहुतेक वेळ तिथेच राहायला हवी. गॅसच्या मोठ्या शेगडीपेक्षा लहान शेगडीवर हे जास्त सोपं जातं.

तेल लावा आणि जादाचं पुसून घ्या. तव्यावर तेलाचं डबकं राहिलं तर पॅनकेकला जाळीदार डाग पडतात आणि कडा भज्यासारख्या तळल्या जातात. लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो, म्हणून तव्याला साजूक तूप किंवा तेल बरं. लोणी खाताना वर ठेवा.

## ६. ओता आणि हात मागे घ्या

पळीत साधारण पाव माप पीठ घ्या, तव्यापासून चार बोटं वरून एकाच जागी ओता. ते आपोआप गोल पसरतं. पळीने पसरवायचं नाही. मोठ्या तव्यावर तीन मावतात. चौथा घुसवलात तर चारही एकमेकांना चिकटून नकाशे होतात. झाकण ठेवू नका, कारण वाफ खाली येऊन वरचा भाग ओला राहतो आणि उलटायची वेळ सांगणारी खूण दिसत नाही.

ती खूण अशी. आधी कडेला, मग मधे बुडबुडे येतात. सुरुवातीचे बुडबुडे फुटले की पीठ परत भरून येतं, तेव्हा घाई नको. बुडबुडा फुटून भोक उघडं राहायला लागलं आणि कडेची ओली चमक गेली की उलटायची वेळ झाली. दोन ते तीन मिनिटं लागतात. अर्ध्या मिनिटात बुडबुडे आले तर आच मोठी आहे, चार मिनिटांतही आले नाहीत तर तवा गार आहे.

उलथणं एका दमात पूर्ण खाली सरकवा, फार उंच न उचलता मनगटाने पालथा करा. एकदाच. मग एक-दीड मिनिट. या वेळात पॅनकेक वर उचलला जाताना डोळ्यांना दिसतो, आणि नेमकं तेव्हाच उलथण्याने दाबायचा मोह होतो. दाबलात की आतली सगळी हवा बाहेर, आणि ती परत येत नाही. दुसरी बाजू पहिलीसारखी एकसारखी बदामी होत नाही, ठिपक्यांची राहते. ती तशीच असते.

पहिला पॅनकेक तव्याचा अंदाज घेण्यासाठी. लहानसा एकच करा, मधे तोडून बघा, आच त्यावरून ठरवा.

## ७. बिघडला तर काय बघायचं

- बाहेर काळा, आत ओला: आच मोठी. साखर जास्त पडली असली तरी लवकर काळा होतो.
- फिकट, कोरडा, कडक: तवा गार होता म्हणून फार वेळ राहिला.
- चिवट: पीठ घोटलंत. हे पीठ आता सुधारत नाही, उरलेल्यात थोडं दूध घालून पातळ करून घ्या आणि पुढच्या वेळी डाव आवरा.
- पसरून पातळ: दूध जास्त झालं, दोन चमचे मैदा घालून हलक्या हाताने कालवा. घट्ट असूनही फुगत नसेल तर पावडर जुनी.
- तव्याला चिकटतो: उलटायची घाई. खाली रंग धरला की तो आपणहून सुटतो.
- तिसऱ्या खेपेनंतर सगळे करपायला लागले: तवा तापतच राहतो. प्रत्येक खेपेनंतर फडक्याने पुसा, आच थोडी कमी करा.

## ८. सगळ्यांना गरम कसे मिळतील

गरम पॅनकेक थेट पोळीच्या डब्यात रचू नका. वाफेचं पाणी सुटून खालचे लगदा होतात. एक मिनिट पालथ्या चाळणीवर ठेवून वाफ जाऊ द्या, मग फडकं घातलेल्या डब्यात, झाकण थोडं उघडं ठेवून. दोन शेगड्यांवर दोन तवे चालवता आले तर पाच माणसांचं वीस मिनिटांत होतं. पण पहिल्या दिवशी एकच तवा ठेवा, दोन्हीकडे लक्ष देता देता दोन्ही करपतात.

## ९. वरून काय घालायचं

मेपल सिरप हा मेपल झाडाचा रस आटवून करतात. साधारण ४० लिटर रसाचं एक लिटर होतं, आणि जगातलं सर्वाधिक कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातून येतं. म्हणून खरं सिरप महाग. आपल्याकडे स्वस्तात दिसणारी बाटली बऱ्याचदा वास घातलेला साखरेचा पाक असते. पैसे देण्याआधी मागचं वाचा.

माझं मत विचाराल तर काकवीपुढे त्याची गरजच नाही. लातूर, धाराशिव, बीड, परभणीकडे ऊस आहे. हिवाळ्यात गुऱ्हाळं चालू असली की ताजी काकवी मिळते. ती घट्ट असते, म्हणून बाटली गरम पाण्यात दहा मिनिटं उभी करा, मग धार नीट पडते. तिला जराशी खारट-कडसर चव असते, ती लोण्याबरोबर फार छान लागते.

काकवी नसेल तर गुळवणी. धिरड्याबरोबर करतो तीच, पण जरा दाट. एक वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी पाणी, गूळ विरघळल्यावर गाळून घ्या (खडे आणि उसाचं चिपाड निघतं), मग चिमूटभर मीठ, सुंठ, वेलदोडा घालून बोटाला चिकटेल इतकी आटवा. गार झाल्यावर आणखी घट्ट होते, त्यामुळे थोडी आधीच उतरवा.

फळांत आपण श्रीमंत आहोत. नांदेडकडे अर्धापूरची केळी. तव्यावर पीठ ओतलं की लगेच त्यावर पातळ चकत्या ठेवा, उलटल्यावर केळं तव्याला लागून खमंग होतं. त्यावर काही घालायची गरज राहत नाही. मे महिन्यात केसर आंब्याचा रस, पण तो वाटीत घेऊन बुडवून खा, वर ओतला तर पॅनकेक भिजून जातो. बीडच्या डोंगरातली सीताफळं आली की गर बिया काढून गारच वर घाला. पिठात घालून तव्यावर टाकू नका, सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो.

साय आणि साखर हा लेकरांचा आवडता प्रकार. मध घालत असाल तर एक वर्षाखालच्या बाळाला तो द्यायचा नाही, एवढं लक्षात असू द्या.

## १०. ज्वारीचे करायचे असतील तर

मैदा तसाच ठेवून गव्हाच्या जागी ज्वारीचं पीठ घ्या. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे नुसत्या ज्वारीचे पॅनकेक उलटताना मोडतात. निम्मा मैदा त्यांना धरून ठेवतो. पीठ अर्धा तास भिजू द्या, नाहीतर दाताखाली रवाळ लागतं. पावडर आणि सोडा मात्र अर्ध्या तासानंतर, दोन चमचे दुधात कालवून शेवटी घाला. हे पॅनकेक थोडे लहानच घाला आणि यांना शेवटचं अर्धं मिनिट झाकण चालतं.

भाकरीला नकोसं झालेलं, विरी गेलेलं पीठ इथे खपतं, कारण थापायचं नसतं. फक्त हुंगून बघा, कडवट वास आला तर नाही. काकवी आणि ज्वारी यांची जोडी गव्हापेक्षा सरस आहे असं मी म्हणते, घरात मात्र यावर एकमत नाही.

## ११. अंडं घालणाऱ्यांसाठी

वरच्याच मापाला दोन अंडी, आणि दूध १०० मिलीने कमी. अंडी दह्या-दुधात फेटून घ्या, तूप सगळ्यात शेवटी. पॅनकेक जास्त हलके आणि रंगाला सुरेख होतात, थोडे मोडतातही कमी. ज्या घरात काहींना अंडं चालत नाही, किंवा श्रावण चालू आहे, तिथे बिनअंड्याचं पीठ आधी काढून त्याचे आधी करून घ्या, आणि मग उरलेल्यात अंडं घाला. तवा, उलथणं, डबा सगळं वेगळं ठेवायची पद्धत असेल तर ते आधीच बाजूला काढा. नंतर “कुठला डाव कशाला लावला” यावरून सकाळ खराब होते.

## १२. उरलं तर, आणि पुढच्या वेळेसाठी

कालवलेलं पीठ रात्रीसाठी ठेवू नका, फुगवण संपून जाते. सगळे पॅनकेक करूनच टाका. गार झाल्यावर मधे कागद घालून डब्यात ठेवले तर फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी गरम करायचे. फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतात, तिथून काढून थेट तव्यावर टाकायचे, आधी वितळू द्यायचे नाहीत.

कोरडं मिश्रण मात्र करून ठेवण्यासारखं आहे. मैदा, पीठ, साखर, मीठ, पावडर, सोडा याच प्रमाणात दुप्पट-तिप्पट घेऊन, दोनदा चाळून, कोरड्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. महिना-दीड महिना चांगलं राहतं. पावसाळ्यात थोडंच करा आणि ओला चमचा आत जाऊ देऊ नका. लेकरू लातूरला किंवा संभाजीनगरला खोली घेऊन शिकत असेल तर हीच बरणी द्या, वर चिठ्ठी चिकटवून: मिश्रण एक माप, दही अर्धं माप, दूध अर्धं माप, तूप दीड मोठा चमचा, डाव पंधरा वेळा, दहा मिनिटं झाकून, मंद आच, दाबायचं नाही.